पानवेलीत न जाण्याचं खरं कारण

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर पेन हातात आला तो सहीपुरताच. ही वही कुणी वाचणार नाही, तरी चुकीची माफी आधीच मागते.

आमची विड्याच्या पानांची वाडी विरारजवळ वटार गावात. पानवेलीत बाजूला बसलेल्या बाईनं पाय टाकायचा नाही, वेल जळते म्हणतात. गणपती झाल्यावर मला खाली खाज सुटली. अंगावरून पांढरं जायचं, दह्याच्या गाठींसारखं. लघवीला आग व्हायची. पानं खुडताना ओला परकर मांड्यांना घासायचा, उभं राहवेना. मी सासूबाईंना सांगितलं, "आई, मी बाजूला आहे." चार दिवस सुटका झाली.

पण खाज गेली नाही. घाण असेल ती निघेल म्हणून पाण्यात जंतुनाशक घालून दिवसातून तीनदा आतपर्यंत धुवायची. नवऱ्याची गजकर्णाची ट्यूबही लावली. आग वाढतच गेली. दहा-बारा दिवसांनी पुन्हा बाजूला असल्याचं सांगितलं. मग पुन्हा.

तिसऱ्या वेळी सासूबाईंनी कॅलेंडर खाली काढलं. "अगो, तुझा महिना किती दिवसांचा? खरं सांग, पोटात काही होतं ते पाडलंस काय?"

मोठी जाऊ भाजी चिरत होती. "आई, वेल जळायची तेव्हा जळेल, ही आधीच वाळलीय," ती म्हणाली. मला हसू आलं नाही. खरं सांगावं तर वाटायचं, असलं दुखणं वाईट वागणाऱ्या बाईलाच होतं. न सांगावं तर पोर पाडल्याचा आळ. मी उठून भांडी घासायला घेतली. सासूबाईंनी आपला संशय नवऱ्याला सांगितला. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याच दोन दिवसांत ओटीपोटात कळा सुरू झाल्या. अंगावरचं पिवळं झालं, वास येऊ लागला, ताप चढला. जावेनं मला मोरीत गाठलं. "मला सांग. आईंचं मी बघते." मी एका दमात सगळं सांगितलं. तिनं स्वतःचे पंधराशे माझ्या हातात दिले आणि रिक्षा बोलावली.

विरारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी आणि रक्त बघितलं. "ताप कधीपासून?"

"परवापासून."

"मग परवाच यायचं होतं. खाज, आग, वेगळं पाणी जायला लागलं की थोड्या दिवसांत दाखवायचं. पोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी, थांबायचं नाही. आणि आत काही घालून धुवायचं नाही, दुसऱ्याची ट्यूबही नाही. असं कुठल्याही बाईला होतं."

ते शेवटचं वाक्य मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं आणि गोळ्या दिल्या.

घरी आल्यावर उंबऱ्यातच सासूबाईंना म्हटलं, "आई, मी बाजूला नव्हते. मला दुखणं होतं. मी खोटं बोलले." त्यांनी माझ्या हातातली गोळ्यांची पिशवी उघडून बघितली. मग म्हणाल्या, "गोळ्या संपेपर्यंत वाडीत येऊ नकोस. पण यापुढे कारण खरं सांगायचं." नवऱ्याला त्यांनीच समजावलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

ताप चार दिवसांत उतरला, गोळ्या मात्र शेवटपर्यंत घेतल्या. नंतर दुपारच्या वेळी शेजारणीकडे गजरे ओवायला जाऊ लागले. शंभर, कधी दीडशे मिळायचे, ते जावेला द्यायची. परवा शेवटचे दोनशे दिले.

"मोजा ना, वहिनी."

"तू मोजलेस ना? झालं तर मग. फिटले."