बाबांची निसरडी नाडी

माझ्या वडिलांना दिवस गेले असावेत अशी त्यांची नाडी आहे, असं एका चिनी वैद्यबाईंनी मला सांगितलं, तेव्हा बाबा बाहत्तर वर्षांचे होते आणि पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती. ते साल दोन हजार चौदा असेल किंवा पंधरा. आम्ही सिंगापूरला चोआ चू कांगमध्ये अकराव्या मजल्यावर राहत होतो. नवरा आयटीत, मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, आणि सकाळी सात वाजता दोघंही घराबाहेर.

आई गेल्यावर बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. त्यांना इकडे आणायला मला वर्षभर भांडावं लागलं. लेकीच्या घरी जाऊन राहायचं, हे त्यांच्या पिढीला पचत नाही. शेवटी मी फोनवर एवढी चिडले की ते घाबरून विमानात बसले. आल्या दिवशी त्यांनी मला बजावलं की ते पाहुणे म्हणून आलेत, आणि पाहुण्याने यजमानाला जड होऊ नये.

मी सकाळी पाचला उठून पोळी, भाजी, वरण, भात करून ठेवायची. संध्याकाळी येऊन बघावं तर पातेली घासूनपुसून ओट्यावर उपडी. मला कोण आनंद झाला. दीड पोळीवर हात धुणारा माणूस माझ्या हातचं सगळं संपवतो म्हणजे काय! आपल्याकडे रिकामं पातेलं म्हणजे पाहुणा अर्धपोटी उठला, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दोन पोळ्या वाढवल्या. त्याही संपल्या. मग भाताचं माप वाढवलं. तोही संपला.

तिसऱ्या आठवड्यापासून बाबांना उलट्या सुरू झाल्या. आधी दिवसाआड, मग रोज, संध्याकाळी साधारण पाचच्या सुमाराला. मी मेट्रोने घरी पोचेपर्यंत ते बाथरूममधून तोंड पुसत बाहेर येत आणि म्हणत, जरा पित्त झालंय. मी आलं-लिंबू दिलं, सुंठ दिली, साळीच्या लाह्यांचं पाणी दिलं. मग डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, घशातून नळी घालून पोट बघून झालं. सगळं नॉर्मल. उलट्या मात्र वेळेवर.

एका संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. "पंधरा दिवसांत हे थांबलं नाही तर माझं तिकीट काढ," ते म्हणाले. "आजारी माणसाने लेकीच्या दारात पडून राहू नये."

मी नेहमीसारखी भांडले नाही, कारण मला भीती वाटली. एकदा गेले की ते परत यायचे नाहीत हे मला माहीत होतं. पुण्याचं तिसऱ्या मजल्यावरचं ते घर, एक शेगडी आणि दिवसभर चालू टीव्ही, आणि एक दिवस कोणाचा तरी फोन. बाबा माझ्याजवळ राहायला हवे होते, दुसरं काही मला नको होतं.

म्हणून ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीने तिच्या वैद्यबाईंचं नाव काढलं, तेव्हा मी जास्त विचार केला नाही. दोन ब्लॉक पलीकडे, तळमजल्यावर, केस कापायच्या दुकानाशेजारी त्यांचा दवाखाना होता. भिंतभर लाकडी खण आणि सुकलेल्या संत्र्याच्या सालींचा वास. बाई पंचावन्नच्या असतील, पांढरा कोट, चष्मा गळ्यात दोरीने लटकवलेला. बाबांनी बसायच्या आधी त्यांची पदवी कुठली ते मला विचारायला लावलं. बाईंनी पेनने मागच्या भिंतीवरची फ्रेम दाखवली. ती चिनी भाषेत होती. बाबांनी ती पूर्ण वाचल्यासारखी मान हलवली.

मग बाईंनी उलटीची अशी चौकशी सुरू केली, जशी आमच्यात स्थळाची करतात. आंबट येते की कडू? नुसतं पाणी की अन्न? आवाज करून की गुपचूप? जेवल्यावर किती तासांनी? झाल्यावर हलकं वाटतं की गळून जाता? बाबा शरमेने जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने लॅपटॉप उघडला. त्याने तीन आठवड्यांच्या उलट्यांचा तक्ता केला होता, वेळ, रंग, चव, आवाज, प्रत्येकाला वेगळा रकाना. आवाज एक ते पाचमध्ये मोजला होता. बाईंनी चष्मा लावून तो मन लावून वाचला आणि इतका समजूतदार नातेवाईक आपल्याला आजवर मिळाला नव्हता असं म्हणाल्या. नवरा फुलून गेला.

"जावईबापू," बाबा हळूच म्हणाले, "माझ्या ओकाऱ्यांचं तुम्ही रजिस्टर ठेवलंत?"

बाईंनी समजावून सांगितलं. शरीरातून एक जोर वाहत असतो, त्याला त्या 'ची' म्हणत होत्या. पोटातल्या जोराचं काम खाली जायचं. तो उलटा वर निघाला की उलटी. तुमच्या ब्लॉकची लिफ्ट खालचं बटण दाबल्यावर वर गेली तर नुसतं दार धरून उपयोग नाही, का गेली ते बघावं लागतं. कधी बाहेरची थंडी पोटात शिरते, कधी कफ साचतो, कधी अन्न अडून बसतं, कधी माणूस राग गिळतो आणि यकृत त्याचा सूड पोटावर उगवतं. इथे बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी राग गिळत नाही. ते म्हणाले, तेच तर.

मग त्यांनी जीभ बघितली आणि खुर्चीतून उठल्याच. जीभ पिवळीधमक होती. आत भट्टी पेटलेली आहे, त्या म्हणाल्या, आणि थंड औषधांची भलीमोठी यादी लिहायला घेतली. यादी अर्ध्यावर आली तेव्हा मला आठवलं की निघायच्या आधी मी बाबांना शक्तीसाठी कपभर हळदीचं दूध पाजलं होतं. मी ते कबूल केलं. बाईंनी हळद म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आणखी कशात घालता? मी सगळी यादी सांगितली. त्यांनी शांतपणे कागद फाडला. दोन दिवस हळद बंद, मग जीभ घेऊन या.

मराठी घरात हळद बंद करून बघावी. वरण पांढरं, बटाट्याची भाजी पांढरी, कोबी तर भुतासारखा. नवरा ताटाकडे बघून म्हणाला, कोणाचं सुतक आहे? पण बाबांनी तेही संपवलं. दोन्ही दिवस पातेली उपडी. मी मनात म्हटलं, जेवण बेचव असलं तरी बिचाऱ्यांना भूक आहे, आणि भात आणखी एक वाटी वाढवला. दोन्ही संध्याकाळी उलटी झालीच.

दुसऱ्या खेपेला जीभ बरी गुलाबी निघाली, मधोमध मात्र जाड, चिकट पांढरा थर. बाईंनी बाबांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मग दुसरं मनगट घेतलं. मग पुन्हा पहिलं. बराच वेळ गेला. शेवटी त्या म्हणाल्या की नाडी निसरडी आहे, ताटलीत मोती घरंगळावेत तशी. तरुण बाईची अशी लागली असती तर मी तिचं अभिनंदन केलं असतं.

बाबांनी विचारलं, काय म्हणतायत? मी भाषांतर केलं. बाबा कानापर्यंत लाल झाले. नवऱ्याने विचारलं, नाडीसाठी वेगळा रकाना करू का?

बाई हसल्या नाहीत. म्हाताऱ्या पुरुषाची नाडी अशी लागते तेव्हा अर्थ सरळ असतो, त्या म्हणाल्या. अन्नावर अन्न साचलंय. हा माणूस दुपारी दोघांचं जेवतो.

माझं डोकं फिरलं. मी त्यांना ऐकवलं की माझे वडील आयुष्यात कधी हावरटासारखे जेवलेले नाहीत, आणि मी घरी ठेवते तेवढंच खातात. मग सांग ना काय ठेवतेस, त्या म्हणाल्या. मी तोऱ्यात सांगायला लागले. सात पोळ्या. भाजी, वरण. तीन वाट्या तांदळाचा भात. तिथे माझा आवाज आपोआप खाली आला. इतके दिवस मी फक्त रिकामी पातेली मोजली होती, पातेल्यात काय जात होतं ते नाही.

बाई माझ्याशी बोलायच्या थांबल्या. बाबांकडे वळून त्यांनी सावकाश विचारलं, "अंकल, लंच वन, ऑर लंच टू?"

एवढं इंग्रजी बाबांना येत होतं. ते समोरच्या लाकडी खणांकडे बघत राहिले. नोकरीत त्यांनी कधी खोट्या कागदावर सही केली नव्हती.

"एक माझं असतं," ते मला म्हणाले. "एक तिचं."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. आई गेल्यापासून पुण्यात ते रोज दुपारी साडेबाराला दोन पानं घेत. आधी तिचं वाढत. दहा मिनिटांनी तिचं पान गच्चीवर नेऊन ठेवत आणि कावळे येऊन ते संपवत. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी लिफ्टजवळची पाटी वाचली, पक्ष्यांना खायला घालण्यास मनाई. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज चालू होता. कावळ्यापायी जावयाचं काम अडायला नको, म्हणून त्यांनी गॅलरीकडे पाहिलंच नाही. राहिला स्वयंपाकघरातला कचऱ्याचा शूट, झाकण उघडलं की अकरा मजले खाली.

"तिचं पान त्यात टाकू?" बाबा म्हणाले. म्हणून आपलं झाल्यावर ते तिचंही जेवत होते.

मी विचारलं, पण एवढं? निम्मं वाढायचं ना तिला.

"तू वाढवत गेलीस," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला कळलंय. तू तिच्यासाठी ठेवतेयस."

मला काही कळलेलं नव्हतं. आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि त्या सव्वा वर्षात मी तिच्यासाठी एक घासही बाजूला काढला नव्हता. मला लाज वाटली, आणि बाबांनी माझ्याबद्दल इतकं चांगलं गृहीत धरलं होतं याची जास्त वाटली.

बाई पेन घेऊन थांबल्या होत्या. मी इंग्रजीत म्हटलं की ते माझ्या आईचं जेवण जेवतात. आई कुठे असते, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, आम्हीही ठेवतो, माझ्या आईला मीही ठेवते. पण गेलेली माणसं नुसता वास घेतात, तेवढ्याने त्यांचं पोट भरतं. छोटी वाटी, अंकल. छोटी वाटी पुरे.

मी ते बाबांना सांगितलं आणि उलट्या सुरू झाल्यापासून ते पहिल्यांदा चिडले.

"वासावर?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं तिने माझ्यामागून उरलंसुरलं खाल्लं. आता मी तिला वासावर ठेवू?"

याचं भाषांतर मी केलं नाही, बाईंनीही मागितलं नाही. त्यांनी एकेक खण उघडून सुकं लालसर फळ, मोड आलेलं जव, मुळ्याचं बी आणि संत्र्याची साल काढली, पूड करून पुड्या बांधल्या, आणि मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मध्ये कसं दाबायचं ते दाखवलं. तीन बोटं कोणाची, असं नवऱ्याने विचारलं. रोग्याची स्वतःची, त्या म्हणाल्या, आणि त्याने ते लिहून घेतलं.

घरी आल्यावर दारातच मी जाहीर केलं की उद्यापासून आईचं पान रात्री, आम्ही सगळे घरी असताना, आणि ते मी जेवणार. मी असं बोलले की जणू कोणी नाही म्हणत होतं. बाबा चपला काढत म्हणाले, तुला जाईल का? मी म्हटलं, न जायला काय झालं.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेसातला बाबांनी चार पानं घेतली. आईचं आधी वाढलं. ती कायम पातेल्याच्या तळाचा करपलेला भात घ्यायची. बाबांनी तिला वरचा, मोकळा, वाफेचा भात वाढला, त्यावर वरण, त्यावर तूप, आणि हात जोडून थांबले. माझा नवराही थांबला. मग बाबांनी ते पान माझ्याकडे सरकवलं आणि माझं रिकामं पान उचलून ठेवलं. पहिला घास घेताच मला रडू आलं. आई गेल्यावर पुण्यात सगळ्यांची सोय बघता बघता मी रडायची राहिले होते. बाबांनी तूप आणखी वाढलं. मी सगळं संपवलं.

आठवड्याभरात उलट्या थांबल्या. पुड्यांनी थांबल्या की पान हलवल्याने, हे मला आजही सांगता येणार नाही. नवऱ्याचं म्हणणं, दोन बदल एकदम केले की निष्कर्ष निघत नाही. वैद्यबाईंनी नाडी बघून एवढंच सांगितलं की आता ती बाहत्तर वर्षांच्या पुरुषाची आहे.

पंधराव्या दिवशी तिकिटाचा विषय मी काढला नाही आणि बाबांनीही काढला नाही. संध्याकाळी ते खोलीत फोनवर बोलत होते. पुण्यात ज्यांच्याकडे घराची किल्ली होती, त्या शेजाऱ्यांना ते सिलिंडरचा नंबर रद्द करायला सांगत होते आणि वर्तमानपत्र बंद करायला. पलीकडून त्यांनी काहीतरी विचारलं असावं.

"नाही, इतक्यात नाही," बाबा म्हणाले. "आम्ही दोघं सध्या लेकीकडेच राहतोय."