विहिरीतला डोळा

उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक भोक पडलं आहे, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा आधी मला हायसं वाटलं. म्हणजे दोष नव्या चष्म्याचा नव्हता. डावा डोळा मिटला की दाराच्या चौकटी कमरेत चिमटल्यासारख्या दिसायच्या, फ्रीजवरच्या यादीतल्या ओळी मधेच वाकायच्या आणि समोरच्या माणसाला नाक नसायचं. चष्म्याच्या दुकानात जाऊन मी त्यावरून भांडूनही आले होते.

उपाय सोपा होता, निदान ऐकायला. ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडायचा. बुडबुडा नेहमी वर जातो. म्हणून तोंड खाली धरायचं, म्हणजे तो आतून वर जाऊन भोकावर टेकून राहतो आणि भोक बुजतं. आठवडाभर, जेवण-आंघोळ सोडली तर, तोंड खाली.

"आणि नाही बुजलं तर?" मी विचारलं.

"तर मधली नजर परत येईल असं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज अगदी मऊ होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

मी विमानतळाजवळच्या एका गोदामात ड्रायव्हरांच्या पाळ्या लावते. कोण कधी येणार, कोण कधी जाणार, कोणाच्या जागी कोण, हे माझं काम. तेव्हा आठवड्याची तयारी मी नीट केली. डबे भरून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या, स्ट्रॉ आणल्या, थेंबांच्या वेळा लिहून फ्रीजवर लावल्या. चेहरा अडकवायला भोक असलेली एक खुर्ची भाड्याने मिळते, ती आणून हाउन्सलोच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी ठेवली. फक्त एका गोष्टीची तयारी राहिली. आठवडाभर डोक्यात काय घालायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. वाचता येणार नव्हतं, लिहिता येणार नव्हतं, आणि यादी न करता मी एक सकाळसुद्धा काढलेली नाही.

तोंड खाली केल्यावर जगात उरतं कार्पेट आणि माणसांचे पाय. काळे मोजे आले की नवरा, विमानतळावरच्या पाळीवर निघालेला किंवा नुकताच परतलेला. ते यायचे, उभे राहायचे, "पाणी हवंय?" विचारायचे आणि जायचे. हिरवे लोकरी मोजे सासूबाईंचे. सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आल्यापासून त्यांनी ते फक्त आंघोळीला काढले असतील. आणि अनवाणी, अर्धवट उडालेल्या निळ्या नेलपॉलिशचे पाय माझ्या लेकीचे. ईस्टरच्या सुट्टीसाठी ती ब्रिस्टलहून घरी आली होती.

पहिल्या दुपारी ते निळे पाय माझ्या डोक्याखालीच मांडी घालून बसले.

"मम्मा, बोअर होतंय ना? मी स्टोरी सांगू?"

तिने युनिव्हर्सिटीत एक विषय घेतला होता, नॉर्वे-आइसलंडकडच्या जुन्या लोकांचे देव. मी "सांग" म्हटलं. हिरवे मोजेही येऊन बाजूच्या सोफ्यावर टेकले.

"सुरुवातीला काहीच नव्हतं," ती म्हणाली. "फक्त एक मोठी पोकळी. तिचं नाव गिनुंगागाप."

"काय गं नाव हे! परत म्हण," सासूबाई म्हणाल्या.

"गिनुंगागाप. एका बाजूला नुसतं बर्फ आणि धुकं, दुसऱ्या बाजूला आग. मधे दोन्ही भेटले आणि बर्फ मेल्ट झालं. त्या थेंबांतून एक राक्षस आला, यमीर. आणि एक गाय. ती गाय खारट बर्फ चाटत बसली. चाटता चाटता आधी एका माणसाचे केस दिसले, मग डोकं, मग आख्खा माणूस. तो देवांचा पणजोबा."

"गाय आहे म्हणजे लोक चांगले असणार," सासूबाईंनी निकाल दिला.

"आजी, पुढच्याच मिनिटाला ते यमीरला मारतात. ओडिन, म्हणजे देवांचा राजा, आणि त्याचे दोन भाऊ. त्याच्या मांसाची जमीन केली, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर. कवटी उलटी घालून आकाश केलं. मेंदूचे ढग."

"हे तर आपल्याकडेही आहे. पुरुषाच्या शरीरातून..."

"आजी, एव्हरीथिंग इज नॉट आपल्याकडचं!"

"आहे म्हटलं मी. त्यांनी चोरलं असं कुठे म्हटलं?"

कवटीचं ते आकाश चार बुटके चार कोपऱ्यांत धरून उभे असतात, असं लेक म्हणाली. मी विचारलं, "त्यांना सुट्टी कोण देतं?" ती म्हणाली, "मम्मा, प्लीज." पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. वरून विमान गेलं, खिडकीची काच थरथरली, आणि कार्पेटचा करडा रंग हळूहळू धुकं झाला. अर्धवट झोपेत मला दिसलं की चौथ्या कोपऱ्यातला बुटका दमलाय आणि त्याच्या जागी पाठवायला माझ्याकडे माणूस नाही.

मग रोज दुपारी गोष्ट. डोळ्यात थेंब, डब्यातलं सूप, आणि गोष्ट. दिवस एकमेकांत मिसळले. मनगटावर हॉस्पिटलने पट्टा बांधला होता, डोळ्यात वायू आहे, विमानात बसायचं नाही, असं लिहिलेला. आणि विमानं तर छतावरून जात होती. लेकीने सांगितलं की थॉर नावाचा देव बोकडांच्या रथात बसून आकाशातून जातो तेव्हा गडगडाट होतो. रात्री तो तेच बोकड कापून खातो, हाडं कातड्यावर नीट ठेवतो, आणि सकाळी बोकड पुन्हा उठून उभे. तेव्हापासून प्रत्येक विमान मला बोकडांचं वाटायला लागलं. हाइमदाल म्हणून एक पहारेकरी आहे, देवांच्या नगराकडे जाणाऱ्या इंद्रधनुष्याच्या पुलावर बसलेला. त्याला गवत वाढल्याचा आवाज ऐकू येतो. मलाही ऐकू यायला लागलं होतं. गवत नाही, पण वरच्या मजल्यावर कोणी टॉवेलची घडी केली तरी कळायचं.

झाडाची गोष्ट तिने खिडकीकडे बोट दाखवून सांगितली असावी, कारण हिरवे मोजे तिकडे वळले.

"ते शेजाऱ्यांचा झाड दिसतो ना, ॲशचा? तसाच एक मोठा झाड सगळ्या जगाच्या मधे. इग्द्रासिल. त्याच्यावर नऊ जगं. वर देव, मधे माणसं, बाजूला राक्षस, खाली मेलेले."

"ते वाळकं?"

"वाळकं नाहीये आजी. त्याला सगळ्यात उशिरा पानं येतात."

त्या झाडाच्या टोकावर गरुड, मुळाशी ड्रॅगन, आणि दोघांमधे एक खार सारखी वरखाली धावते. याने त्याला दिलेल्या शिव्या त्याला पोचवायच्या आणि उत्तर घेऊन परत यायचं.

"ही आमच्या बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावर राहते," सासूबाई म्हणाल्या.

हरणं पानं खातात, ड्रॅगन मुळं कुरतडतो, खोड एका बाजूने कुजत चाललंय. म्हणून तीन बायका रोज विहिरीचं पाणी आणि पांढरी माती आणून झाडाला घालतात. सगळ्यांचं भवितव्य त्याच ठरवतात, पण रोजचं हे काम काही चुकवत नाहीत. मला त्या तिघी फार आवडल्या. जग मोडकळीला आलंय हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्या सकाळी उठून पाणी घालतात.

"दुसरी विहीर मीमीरची," लेक सांगू लागली. "तिचं पाणी प्यायलं की सगळं ज्ञान मिळतं. ओडिन तिथे गेला आणि म्हणाला, मला एक घोट दे. मीमीर म्हणाला, फुकट नाही. त्याची किंमत..."

ती थांबली. निळी बोटं आत वळली.

"सॉरी, मम्मा. मी विसरले. स्किप करू?"

"डोळा ना?" मी म्हटलं. "सांग पुढे."

"एक डोळा. त्याने काढून दिला. तो अजून तिथेच आहे, विहिरीच्या तळाशी. पाण्यातून वर बघतोय."

एक विमान गेलं. मग सासूबाईंनी विचारलं, "मग अक्कल आली त्याला?"

"हो. सगळ्यात शहाणा तो झाला."

"हिला नको. हिला आधीच पुष्कळ आहे. हिचा डोळा राहू दे."

मी हसले. हसायचं नव्हतं, खुर्ची हलली, लेक ओरडली, "मम्मा, डोकं हलवू नको!" आणि मग तीही हसत कार्पेटवर आडवी झाली. आठवड्यात पहिल्यांदाच मला तिचा चेहरा दिसला. डाव्या डोळ्याने, खालून, उलटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवे मोजे चपला घालून मागच्या दाराने बाहेर पडले. खिडकी थोडी उघडी होती.

"आजी, वॉट आर यू डूइंग? थंडी आहे!"

"पाणी ठेवतेय. त्या झाडाची फांदी इकडे आली आहे ना, तिच्याखाली. त्या एका डोळ्याच्या देवाला."

"ओडिनला?"

"त्याला कळेल. आपल्या गणपतीला सांगून झालं, पण इथली हद्द याची ना?"

"आजी, त्याला आता कोणी पूजत नाही."

"म्हणूनच मोकळा असेल."

मी पाणीपूजेवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण देवघरातली ती छोटी स्टीलची वाटी रोज विसळून, भरून बाहेर जाते आहे, हे मी ऐकत राहिले, आणि त्या आवाजाची वाटही पाहू लागले.

सगळ्यात वाईट दुपार फ्रिगच्या गोष्टीची. फ्रिग ही ओडिनची बायको. तिच्या लाडक्या मुलाला, बाल्दरला, मरणाची स्वप्नं पडू लागली. तेव्हा ती जगातल्या प्रत्येक वस्तूकडे गेली. लोखंड, दगड, आग, आजार, साप, सगळ्यांकडून तिने शपथ घेतली की माझ्या मुलाला इजा करणार नाही. एकच गोष्ट सोडली, मिसलटो. इतकं कोवळं बांडगूळ, त्याची कसली शपथ घ्यायची? लोकीने, म्हणजे देवांमधल्या त्या कपटी खोडकराने, नेमकी त्याचीच काडी करून बाल्दरच्या आंधळ्या भावाच्या हातात दिली. त्याने गंमत म्हणून फेकली. बाल्दर गेला.

सगळी यादी केली आणि एक राहिलं. माझं काय राहिलं असेल? सकाळी तोंड धुताना मान जास्त वेळ वर झाली होती का? झोपेत कूस वळली असेल? हसले होते तेव्हा? डोळ्यापुढे फक्त डचमळणारा राखी रंग होता. आत भोक बुजतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"मी परवा हसले ना," मी कार्पेटला उद्देशून म्हटलं.

हिरवे मोजे सोफ्यावरून उठून माझ्याजवळ आले. मानेवर हात पडला, मेथीच्या वासाचा. "हसल्याने काय होतंय? तिने एवढी वणवण केली, ते कोणी बघत नाही. सगळे त्या एका काडीचंच सांगतात." त्या बराच वेळ मान चोळत राहिल्या.

शेवटच्या दिवशी जग बुडालं. लांडग्याने सूर्य गिळला, ओडिनलाही लांडग्यानेच खाल्लं, थॉर सापाला मारून सापाच्या विषाने मेला, आग लागली आणि जमीन समुद्रात गेली.

"संपलं?" सासूबाई कडाडल्या. "आजारी माणसाला असं सांगतात होय गं?"

"थांब ना आजी! संपलं नाहीये. मग जमीन पाण्यातून परत वर येते. हिरवीगार. न पेरता शेतं उगवतात. जे थोडे देव उरलेत ते गवतात बसतात, आणि त्यांना तिथे सोन्याच्या सोंगट्या सापडतात. जुने देव खेळायचे, त्या."

"हां. हे बरंय," सासूबाई म्हणाल्या. "सोंगट्या सापडल्या ना, मग झालं."

मी मान वर केली तेव्हा लेकीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. ती ब्रिस्टलला गेली. बुडबुडा जिरत नाही तोवर काही सांगता येणार नाही, असं हॉस्पिटलने सांगितलं. मला वाट बघायची सवय नाही, पण या कामात दुसरं काहीच करता येत नव्हतं.

मग एका सकाळी नजरेच्या वरच्या कडेला उजेडाची बारीक पट्टी आली. तिच्याखाली पाणी. चालले की बादलीतल्यासारखं ते हिंदकळायचं. रोज पाणी थोडं उतरायचं आणि त्यातून काहीतरी वर यायचं. आधी छताचा कोपरा. मग दिव्याची शेड, कपाटावरचे डबे, विमानाचं शेपूट. शेजाऱ्यांच्या झाडाचा शेंडा वर आला तेव्हा त्याच्यावर तांबूस-हिरवे कोंब होते.

सकाळी चहा घेताना सासूबाई समोर बसायच्या. मी डावा डोळा झाकायची.

"आज कुठपर्यंत?"

"भांगापर्यंत."

काही दिवसांनी कपाळ. मग भुवया, मग डोळे, पाण्याच्या काठावर तरंगणारे. पुढे नाक होतं. भोक तिथेच होतं, बरोबर मधोमध, आणि नाक तिथे असणार की नसणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत त्या "कुठपर्यंत" विचारायच्या थांबल्या. मीही सांगायची थांबले.

मे महिन्यातल्या एका सकाळी पाण्याची रेघ त्यांच्या हनुवटीखाली गेलेली होती. मी डावा डोळा झाकला, आणि बघण्याआधी थोडा वेळ उजवाही मिटून धरला.

"नाक?" त्यांनी विचारलं.

मी उघडला.

"आहे," मी म्हटलं. "जरा वाकडं आहे."

"ते पहिल्यापासूनच वाकडं आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने तेच नाक पुसत उठल्या. लेकीला फोन लावायला मला सांगितलं. ओट्यावरची वाटी त्यांनी विसळली, भरली आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या.

मी खिडकीशी उभी राहिले. फोन वाजत होता. डावा डोळा मी झाकलेलाच ठेवला. ॲशला पानं फुटली होती, प्रत्येक फांदीला, आणि ती जरा वाकून दिसली तरी तिथे होती. झाडाखाली सासूबाई उभ्या होत्या, भांग, कपाळ, नाक, वाटी धरलेले हात, सगळं उन्हात. आठवडाभर मी ज्यांना ओळखत होते ते त्यांचे पाय तेवढे अजून पाण्याखाली होते.