पुढचं वाक्य

शिक्रापूरच्या त्या ऑफिसात मी कामाला लागले, तेव्हा आपलं इंग्रजी फार चांगलं आहे असा माझा समज होता. शिरूरच्या कॉलेजात मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. घोड नदीच्या काठी आमचं घर. आजोबांपर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखलेली. त्यामुळं आईला माझं कौतुक जरा जास्तच. कुणी विचारलं की ती सांगायची, "आमची पोर आसं विंग्रजी बोलती, समोरच्याला उत्तरच देता येत न्हाई."

ऑफिस म्हणजे हायवेला लागून, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मोठा ट्रक गेला की कपातला चहा हलायचा. आसपासच्या कारखान्यांत परदेशातून मशिनं यायची आणि त्यांच्याबरोबर सूचनांची जाडजूड पुस्तकं. त्यांतलं इंग्रजी कुणी लिहिलेलं असायचं देव जाणे. ती वाक्यं दुरुस्त करून, सोपी करून द्यायची हे आमचं काम. सुपरवायझर ती वाचायचा, हिंदीत नाहीतर मराठीत सांगायचा, आणि कामगार त्याप्रमाणे मशीन चालवायचा.

"वाक्य चुकलं तर इथं मार्क जात नाहीत, बोट जातं," पहिल्याच दिवशी सर मला म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं, इथंही मास्तरच नशिबात.

सर दौंडच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. घरी बसवेना म्हणून त्यांनी ही नोकरी धरली होती. शिक्रापुरात कामगारांच्या चाळीत खोली घेऊन राहायचे आणि गुरुवारच्या सुट्टीला एसटीनं दौंडला जायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल. पेन नाही. छापून येईपर्यंत वाक्य कच्चंच असतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवायचे आणि डोळे मिटून बसायचं. मी वाक्य मोठ्यानं वाचायचं. वाक्यात जेवढं लिहिलंय तेवढंच ते हातांनी करून दाखवणार, मनानं काही घालणार नाहीत. 'झाकण उघडा' म्हटलं की हवेत झाकण उघडायचे. ते बंद करायला सांगितलं नसेल तर हात तसाच वर. 'बटण दाबा' म्हटलं की हात हलायचाच नाही. "कोणतं?" मी हिरवं म्हणायची. "कोणत्या हातानं? दुसरा हात कुठं ठेवू?" मला इतका राग यायचा! पण एकदा वाक्य जमलं की त्यांचे हात पुन्हा टेबलावर यायचे आणि ते शांतपणे म्हणायचे, "पुढचं."

त्या एका शब्दासाठी मी दिवसभर राबायची, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

'काइंडली' दिसला की त्यांची पेन्सिल त्याच्यावरून फिरलीच. बटणाला विनंती करायची नसते म्हणायचे. 'करू नका' हेही त्यांना चालायचं नाही. मी एकदा लिहिलं होतं, दारासमोर उभे राहू नका. सर डोळे मिटूनच म्हणाले, "बरं. मग कुठं उभा राहू? नको म्हटलंस की माणूस मोकळे हात घेऊन उभा राहतो, आणि मोकळे हात कुठंही जातात. काय करायचं ते लिही."

एकदा एका कारखान्याचा सुपरवायझर बोर्डाचा मजकूर तपासायला घेऊन आला. प्रेसमध्ये हात घातल्यास ऑपरेटर एक्स्पायर होईल, असं इंग्रजीत लिहिलेलं. मी हसू दाबत होते. सर हसले नाहीत. "औषध एक्स्पायर होतं, माणूस मरतो," ते म्हणाले आणि शब्द खोडून वर 'डाय' लिहिलं. सुपरवायझर चुळबुळला. "सर, तसं लिहिणं बरं दिसत नाही. जरा अभद्र वाटतं." सर म्हणाले, "वाटू दे. बरं दिसतं म्हणून लिहिलं तर हात आत जाईल."

गुरुवारी कधीमधी मीही त्यांच्याबरोबर दौंडला जायची. सरांच्या बायको, म्हणजे काकू, पुण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या आणि रोज शटल गाडीनं जाऊन-येऊन करायच्या. सरांनी शिक्रापूरची नोकरी धरायच्या आधीच त्याही रिटायर झाल्या होत्या. पण तेव्हाची गोष्ट सांगायला दोघांना आवडायचं. संध्याकाळची शटल यायच्या वेळेला सर डोक्यावर टोपी घालून, हातात बॅटरी घेऊन स्टेशनवर निघायचे. घर आणि स्टेशन यांच्यामध्ये रूळ. पुलावरून लांब पडतं म्हणून सगळं गाव रूळ ओलांडूनच जातं, आणि अंधारात काकूंचा पाय अडकू नये म्हणून ही बॅटरी. एवढ्या वर्षांत एक संध्याकाळ चुकवली नाही म्हणे. "घरात मात्र काही उपयोग नाही हं यांचा," काकू म्हणायच्या. "जरा भाजी बघा म्हटलं की भाजीकडं बघत बसतात. करपली तरी बघतच असतात!" सर खाली मान घालून हसायचे.

मग सर विसरायला लागले. आधी मला वाटलं, थकलेत. मी वाक्य वाचायची, हात बरोबर हलायचे, टेबलावर यायचे, "पुढचं" म्हणायचे. मी पुढचं वाचलं की विचारायचे, "आणि त्याच्या आधीचं वाचलंच नाहीस?" असं वरचेवर व्हायला लागलं. एका गुरुवारी ते दौंडला गेले ते परत आलेच नाहीत. काकूंनी मला फोन करून त्यांची खोली रिकामी करायला सांगितलं. मी त्यांची पेन्सिल तेवढी माझ्याकडं ठेवली.

वर्षभरात काकू गेल्या. स्वयंपाकघरात उभ्या होत्या, तिथंच कोसळल्या. अग्नी सरांनीच दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शटलच्या वेळेला त्यांनी टोपी घातली, बॅटरी घेतली आणि काकूंना आणायला निघाले.

त्यांची मुलगी पुण्यात. नोकरी, लहान मुलं, वर सासूचं आजारपण. ती त्यांना घेऊन जायचं म्हणत होती आणि ते ऐकत नव्हते. "माझं घर आहे हे. मी इथंच राहणार." इतर सगळं विसरायचे, हे नाही. शेजारी एक आप्पा राहायचे. मूळचे खुटबावचे, रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या घरून दोन्ही वेळचं जेवण यायचं. एका गुरुवारी मी दौंडला गेले तेव्हा तेच मला म्हणाले, "म्याडम, काल पुन्यांदा रुळावं गेलं व्हतं सर. मालगाडी येत व्हती. म्या हाताला धरून वडून आनलं. म्या तरी रोज कुठं पुरनार?" मुलगी म्हणाली, "ताई, आणखी एकदा ते रुळावर गेले तर मी त्यांना उचलून नेईन. ते रडू देत, मी रडेन, पण नेईन."

तिनं भिंतीवर मराठीत कागद लावले होते. बाबा, गॅस बंद करा. बाबा, गोळी घ्या. सर ते वाचून म्हणायचे, "मला शिकवतेय." आणि कागद घडी करून खिशात घालायचे.

एका गुरुवारी मी त्यांच्यासमोर बसले होते. गोळ्यांच्या पाकिटावरचं इंग्रजी उगाच मोठ्यानं वाचलं, आणि पाहते तर सरांचे हात टेबलावर पालथे, डोळे मिटलेले. मी जे वाचलं ते त्यांनी केलं. गोळी घेतली, पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला. "पुढचं," म्हणाले. इतका आनंद मला बी.ए.च्या निकालानंही झाला नव्हता.

मग मी जाड कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजी वाक्यं लिहून आणायला लागले. गॅसचं काळं बटण उजवीकडं फिरवा. निळ्या डबीतली गोळी घ्या. मुलीचं किंवा आप्पांचं मराठी ते ऐकायचे नाहीत, पण नीट लिहिलेलं इंग्रजी वाक्य दिसलं की त्याप्रमाणं वागायचे. ती पेन्सिल मी त्यांना परत दिली होती. मी एका कागदावर चुकून 'काइंडली' लिहिलं, तर पुढच्या खेपेला तो खोडलेला. मुलगी फोनवर हसली, आणि मग हसता हसता रडली. वाटलं, घर राहिलं सरांचं.

राहिली फक्त संध्याकाळ.

मुलीनं धोशा लावला म्हणून मी त्यांचा नियम मोडून लिहिलं, स्टेशनवर जाऊ नका. कागद दाराला आतून लावला. सर त्या संध्याकाळी टोपी, बॅटरी घेऊन दारापर्यंत आले, वाचलं, आणि थांबले. थांबूनच राहिले. आप्पा जेवण घेऊन आले तेव्हा ते तसेच दारात उभे होते. आप्पांना म्हणाले, "काय करायचं ते लिहिलेलं नाही." पुढच्या वेळी मी लिहिलं, त्या आज गाडीनं येणार नाहीत. ते म्हणाले, "मग कशानं येणार आहे? एसटीनं?" आणि एसटी स्टँडकडं निघाले. मग मी 'पास्ड अवे' लिहिलं. हा शब्द त्यांना आवडणार नाही हे मला लिहितानाच ठाऊक होतं. ते वाचून म्हणाले, "दूर गेलीय? मग तर आणायला गेलंच पाहिजे." त्या दिवशी त्यांना मी आणि आप्पांनी रुळाच्या अलीकडं गाठलं.

बरं दिसतं म्हणून लिहिलेलं ते वाक्य. मला सगळ्यांचा राग आला, मुलीचा, काकूंचासुद्धा. पुढच्या गुरुवारी मुलगी आली होती. तिच्यासमोर मी लिहिलं, युवर वाइफ हॅज डाइड. ती बघत राहिली. "ताई, असं?" मी म्हटलं, "त्यांनीच शिकवलंय असं."

संध्याकाळी सर आले. टोपी, बॅटरी. वाक्य वाचलं. खिशातून पेन्सिल काढली. मला वाटलं, आता काहीतरी खोडतील. खोडावं त्यांनी असं फार वाटलं. पेन्सिल तशीच हातात राहिली.

"कुणी लिहिलं?"

"मी, सर."

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "चांगलं लिहिलंयस."

मग टोपी काढून ते तिथंच खाली बसले आणि पहिल्यांदा बातमी कळल्यावर माणूस रडतो तसे रडले. अंत्यविधीच्या दिवशीही ते असे रडले नव्हते. पण स्टेशनवर गेले नाहीत.

मुलीनं माझे हात धरले. "आता राहतील ते इथं," ती म्हणाली. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला शिक्रापूरला परतायचं होतं, पण मी राहिले. संध्याकाळी सरांनी टोपी घातली, बॅटरी घेतली, दाराशी आले आणि वाचलं. कुणी लिहिलं ते विचारलं. स्वच्छ आहे म्हणाले. खाली बसले. त्यांना कालचं काही आठवत नव्हतं. काकू त्यांच्यापुरत्या आत्ताच मेल्या होत्या.

मी सुट्टी वाढवली. रोज तेच. बाकीची वाक्यं दिवसभर त्यांना सांभाळायची, आणि संध्याकाळी हे एक वाक्य त्यांना मोडून टाकायचं. शेवटी आप्पा आत आले, कधी नव्हे ते माझ्यावर चिडून. "म्याडम, काढा त्यो कागुद. आवो, सुतकालाबी सरती येळ आस्ती. तुम्ही ह्या मानसाला रोज नवं सुतक घालताय."

"काढला तर रुळावर जातील, आप्पा."

"व्हय. त्ये बी खरं हाय," ते म्हणाले आणि दारात बसले.

त्या दुपारी मुलीनं बॅग काढली. तिनं मला दोष दिला नाही. "तुमचं वाक्य बरोबर होतं, ताई," एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत सरांचे पांढरे शर्ट भरायला लागली. उद्या सकाळच्या गाडीनं न्यायचं असं ठरलं. सरांना सांगितलं नव्हतं, आणि सांगून तरी सकाळपर्यंत काय राहणार होतं?

संध्याकाळी ते दाराशी आले. वाचलं. या वेळी कुणी लिहिलं ते विचारलं नाही. रडलेही नाहीत. बॅटरी खुंटीवर अडकवली, टोपी काढली आणि माझ्यासमोर टेबलाशी येऊन बसले. दोन्ही हात पालथे ठेवले. ऑफिसात बसायचे तसे डोळे मिटले.

"पुढचं," सर म्हणाले.

माझ्यापुढं कोरे कागद होते, पेन होतं. बायको मेल्यावर माणसानं हातांनी काय करायचं, ते मला लिहायचं होतं. लांबून शटलची शिट्टी ऐकू आली. सरांचे हात हलले नाहीत. ते वाक्याची वाट बघत होते.

"वाच ना, बाळ," ते म्हणाले.