वार टाकू नका

मागच्या वर्षी जानेवारीत, एका शुक्रवारी दुपारी, मोहोळच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी दहा वर्षांच्या एका मुलीचा फोटो काढला. रविवारी तो आमच्या वर्तमानपत्रात आला. मंगळवारी बँडची गाडी दौऱ्यावर निघाली, तेव्हा ती मुलगी गाडीत नव्हती.

तुमच्यापैकी काहींनी तिला पाहिलं असेल. सोलापूरच्या त्या रॉक बँडचा कार्यक्रम सुरू होण्याआधी ती मैदानाच्या शेवटच्या रांगेत जायची, रिकाम्या लोखंडी खुर्चीच्या पाठीवर तळहात टेकायची आणि ओरडायची, "हितं न्हाय पोचत." साउंडवाला बटण फिरवायचा. "आता?" "आता हाय. गिटार लई हाय पण."

आई बँडची गायिका. घरची भाषा तेलुगू, म्हणून अम्मा. वडील भिवंडीला यंत्रमागावर कामाला. ती तीन वर्षांची असल्यापासून गाडीत वाढली. ड्रमच्या पेटीवर बसून गृहपाठ करायची आणि खांद्यापर्यंत केस वाढवलेल्या गिटारवाल्याला पाढे विचारायची.

"तेरा साते?"

"त्र्याण्णव."

"दादा, तुमी चौथीत बसा. मी गिटार धरते."

त्या शुक्रवारी सोलापूरहून मी त्यांच्याच गाडीतून गेलो होतो. फोटो छापणार म्हटल्यावर ती खूश झाली. मग जरा विचार करून म्हणाली, "छापा की, काका. पण वार टाकू नका."

"का?"

"आज मी शाळेत हाय."

वर्गाच्या बाई तिला मोबाइलवर धडे पाठवायच्या. ती सगळे पूर्ण करायची, परीक्षेला हजर राहायची, पहिल्या पाचांत यायची. दौऱ्याच्या दिवशी बाई तिची हजेरी लावायच्या.

"बाईंचं नाव येणार नाही," मी म्हणालो.

"वारबी नको."

"बरं."

बाईंचं नाव आलं नाही. शाळेचंही नाही. शनिवारी उपसंपादकाने विचारलं, "फोटो कधीचा?" आमच्याकडे फोटोओळीत ठिकाण आणि वार असतोच, नव्या वार्ताहरांना हे मीच शिकवतो. मी शुक्रवार सांगितलं. वार नको, एवढं म्हणता आलं असतं. तो कारण विचारील आणि ते मला सांगता येणार नाही, म्हणून म्हणालो नाही. पुढे सगळ्यांना सांगितलं की विसरलो. विसरलो नव्हतो.

सोमवारी शाळेत कोणीतरी ते कात्रण हजेरीपटाशेजारी ठेवलं. शुक्रवारच्या रकान्यात ती हजर होती. बाईंना नोटीस मिळाली आणि त्यांचा वर्ग काढून घेतला गेला. अम्माला सांगण्यात आलं की यापुढे मूल रोज शाळेत दिसलं पाहिजे. मुलगी मावशीकडे राहायला गेली.

गाडी निघण्याआधी मी मावशीच्या दारात गेलो. अम्मा बॅग घेऊन उभी होती.

"तिनं तुमाला सांगितलं होतं न्हवं?"

"हो."

"मग?"

मी तिची बॅग उचलायला वाकलो. अम्माने ती स्वतःच उचलली आणि गाडीत बसली. गाडी सुरू झाली तेव्हा मुलीने दाराच्या चौकटीवर तळहात टेकला होता. गाडी वळल्यावर तिने तो काढला.

"फोटो चांगला आलाय, काका," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर मी बँडचे दोन कार्यक्रम पाहिले. दोन्ही वेळा शेवटच्या रांगेतून कोणी ओरडलं नाही. शब्द मागे पोचत नव्हते.

यंदा एप्रिलमध्ये त्या शाळेकडून वर्षभर एकही दिवस न चुकवलेल्या मुलांचा फोटो छापायला आला. सगळ्यांनी हाताची घडी घातलेली आहे. फोटोओळ मी लिहिली: ठिकाण, वार, डावीकडून नावं. ती दुसऱ्या रांगेत तिसरी आहे.