आधी डावीकडं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना जगातली एकही गोष्ट मुकाट्यानं करता येत नाही. ती का होते हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. दूध उतू जाताना आधी कुठल्या बाजूनं चढतं हे बघायला त्या खुशाल गॅसपुढं उभ्या राहिल्या आणि पातेलंभर दूध ओट्यावरून वाहून गेलं. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "थोरलीचं डोकं लय चालतंय." माझ्या हातून वाटीभर सांडलं असतं, तर माझं मानवतचं अख्खं माहेर उद्धरलं गेलं असतं.

स्वयंपाक, शिवण, पाहुण्यांशी बोलणं, सगळ्यात त्या माझ्यापेक्षा सरस. माझ्याकडं एकच गोष्ट होती, सायकल. शाळेत असल्यापासून मी ती चालवते, आणि जिंतूरजवळच्या आमच्या गावात सायकलवर शेतात जाणारी सून मी एकटीच. तेवढा एक मान मी जपून ठेवला होता. तर पन्नाशीतल्या जाऊबाईंना नेमकी तीच शिकायची हुक्की आली! "वळायचं कसं गं?" त्यांनी विचारलं. "उजवीकडं जायचं तर हँडल उजवीकडं फिरवायचं," मी ऐटीत सांगितलं. त्यांनी तसंच केलं आणि थेट कापसात जाऊन पडल्या. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या पदर झटकत उठल्या. "हँडल उजवीकडं, आन् पडले मी डावीकडं! तू आसं करीत न्हाईस. करतीस आसं तुला वाटतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हापशापाशी साचलेल्या पाण्यातून सायकल काढून उजवीकडं वळायला लावलं आणि ओल्या चाकाच्या रेघेपाशी भर रस्त्यात बसकण मारली. घागरी सोडून बायका गोळा झाल्या. "ही बघा. वळायच्या आधी चाक जरासं डावीकडं सरकलंय. त्यानं आंग उजवीकडं कलतंय, मग हँडल त्याच्या मागं जातंय." चाक माझं, रेघ माझी, आणि कौतुक मात्र त्यांचं! थोड्याच दिवसांत त्या झोकात वळायला लागल्या आणि आमच्या घरधन्यांनी मला सुनावलं, "वैनीकडून शीक की जरा." मला! चिडून मी सकाळी आधी डावीकडं, मग अंग, मग हँडल असं मनात घोकत वळायला गेले आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत अंगणात आपटले.

गुडघ्याला हळद लावायला जाऊबाईच आल्या. हसल्या नाहीत, त्याचाही मला राग आला.

"तू इचार करू नगंस," त्या म्हणाल्या. "तुला येतंय. मला येत न्हाई म्हणून इचार करावा लागतोय. लगीन होऊन आलीस तवापासून बघायले मी तुला सायकलीवर. लय जळायचे."

"अक्का, तुमी? माझ्यावर?"

"मग कुणावर?"

आता आम्ही दोघी आपापल्या सायकलींवर शेतात जातो. येलदरीच्या रस्त्यावरचं वळण आलं की मी मुद्दाम मागं राहते. त्या जीभ दातांत धरून हळूच कलतात आणि वळण पार पडलं की दर वेळी लहान मुलीसारख्या हसतात. मला त्यांचा हेवा वाटतो, अजूनही. पहिल्यांदा वळले तेव्हा मीही अशीच हसले असेन, पण ते मला काही केल्या आठवत नाही.