बेचाळिसावी चूक

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं पगार घेऊन चुका करत होत्या. आणि त्या चुका निस्तरायचा पगार मला मिळत होता. यावर दुसरं कोणी हसलं की मला राग येतो, पण तुम्ही खुशाल हसा, कारण मलाच न हसता हे सांगता येणार नाही.

आमची कंपनी इंजिनाचे इग्निशन डबे बनवते. डबा म्हणजे पंजात मावेल एवढी काळी पेटी. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची ते ही पेटी ठरवते. पडली वेळेवर की इंजिन गुरगुरतं, नाही पडली की ढिम्म. पेटीच्या आत नाजूक सर्किट असतं आणि बाहेर माणसं असतात. माणसं बॅटरी उलटी जोडतात, ओल्या हातांनी वायरी ओढतात, फ्यूज उडाला की त्याच्या जागी खिळा ठोकतात. या सगळ्यांपासून सर्किटला वाचवायचं हे माझं काम. आणि ते खरंच वाचलंय का, हे बघायला त्या सगळ्या चुका आधी आपणच करून बघायच्या, हे सासूबाईंचं. कंपनीत त्यांना सगळे चूकमावशी म्हणायचे.

आल्या होत्या त्या फरशी पुसायला. पहिल्याच आठवड्यात पुसता पुसता मध्ये येणाऱ्या दोन वायरी त्यांनी काढून ठेवल्या आणि पुसून झाल्यावर उलट्या लावल्या. सहा डबे एका दमात खलास! धूर बघून सगळे धावले, तर मावशी फडकं हातात धरून उभ्या. "दोन्ही वायरी काळ्याच आहेत," त्या म्हणाल्या. "कुठली कुठे ते मला काय स्वप्नात दिसणार?" तेव्हाचे मालक आधी लालबुंद झाले आणि मग इंजिनिअरांकडे वळले. "दहा इंजिनिअर पोसतोय मी," ते म्हणाले, "आणि एकालाही ही चूक सुचली नाही." दुसऱ्या दिवशी फडकं गेलं आणि मावशींना खुर्ची मिळाली.

तेव्हापासून नियमच पडला. मावशींच्या वहीत डब्यापुढे 'जिवंत' लिहिलं गेलं तरच डबा कंपनीबाहेर जायचा. नाहीतर 'जळला'. मधलं काही नाही, 'चालेल' नाही, 'बरा आहे' नाही. त्याच वहीत मागच्या पानांवर चुकांची यादी होती, आणि मी आले तोवर ती एक्केचाळीसपर्यंत पोचली होती.

पण खरी मजा यादीत नव्हती, पद्धतीत होती. मावशींचं म्हणणं असं, की चूक मनापासून झाली पाहिजे, ठरवून केलेली चूक फार सभ्य असते. म्हणून झोपाळू माणसाची चूक करायची असली की त्या दुपारी दडपून जेवायच्या, खुर्चीत पेंगायला लागायच्या आणि मगच वायरीला हात घालायच्या. घाईतली चूक असली की तांब्याभर पाणी पिऊन बसायच्या आणि अगदीच धीर निघेना झाला की उठायच्या. आणि चिडलेल्या माणसाची चूक असली की आधी मोठ्या जावेला फोन! पाच मिनिटांत कान लाल. फोन आपटला की तोच हात थेट बॅटरीवर. त्या जावेने आमचे निम्मे डबे जाळलेत आणि बिचारीला त्याचा पत्ताही नाही.

माझा पहिला डबा चौथ्याच चुकीला गेला. मी नवी, त्यात तोंडाने फटकळ. माझं डोकंच फिरलं.

"असं कोण करतं?" मी ओरडले.

"मी केलं की आत्ता."

"अहो, पण शहाणा माणूस असं करणार नाही!"

"शहाण्यांचं राहू दे. बाकीच्यांचं बोल."

तासभर भांडले मी. आकडे सांगितले, कागदावर आकृत्या काढल्या, टेबलावर हात आपटला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे 'जळला' लिहिलं. घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी मावशी चष्मा घरी विसरून आल्या. तो चष्मा एरवी दोरीने गळ्यातच असायचा, त्या दिवशी कसा कोण जाणे, दोरीसकट घरी राहिला. त्यांचा मुलगा तो घेऊन गेटवर आला. "मी कामात आहे, तू जाऊन आण," मावशींनी मला फर्मावलं. मी तणतणत गेले. गेटवर एक उंच माणूस, तान्हं बाळ धरावं तसा चष्मा दोन्ही हातांत धरून उभा.

"काल भांडलेल्या तुम्हीच का?" त्याने विचारलं.

"हो. काही म्हणणं आहे?"

"नाही, नाही! आई म्हणत होती, की..." एवढं बोलून त्याने जीभ चावली. काय म्हणत होती ते मात्र सांगेना. आठ महिन्यांनी आमचं लग्न झालं, तरी सांगितलं नाही.

तेव्हापासून मावशी कंपनीत मावशी आणि घरी आई. भांडताना नुसतंच 'अहो'. घरी त्या माझ्याशी चांगल्याच वागायच्या, दुखलंखुपलं बघायच्या, पण चार वर्षांत एकदाही 'छान' म्हणाल्या नाहीत. डब्याला नाही, भाजीला नाही, मला नाही. मला ते लागायचं. खोटं कशाला बोलू?

आता त्या शनिवारचं सांगते. मावशींचा कामाचा शेवटचा दिवस. सोमवारपासून त्यांच्या खुर्चीवर एक मशीन बसणार होतं, नऊ मिनिटांत एक्केचाळीस चुका करणारं. आणि त्याच दिवशी माझा नवा डबा त्यांच्यापुढे होता. दोन वर्षं मी त्याच्यामागे होते. बचाव-नावांच्या इंजिनासाठी होता तो. पुरात, समुद्रात माणसं काढायला जातात ना, त्या नावा. याआधी पाच वेळा 'जळला' झालं होतं. चार वाजेपर्यंत वहीत 'जिवंत' आलं तर माझा डबा जाणार होता, नाहीतर सोमवारी जुनाच डबा रवाना आणि माझी दोन वर्षं कपाटात. पण खरं सांगू? मला कपाटाची तेवढी भीती नव्हती. मला तो शब्द त्यांच्या हातचा हवा होता. मशीनने दिलेला 'जिवंत' मला नको होता.

सकाळी नऊला सुरुवात झाली. खोलीच्या मध्ये स्टँडवर नावेचं इंजिन, धुराचा पाइप खिडकीबाहेर, बाजूला बॅटरी. मावशींनी उलटी जोडली, डबा जिवंत. पाणी ओतलं, जिवंत. फ्यूजच्या जागी खिळा घातला, जिवंत. अकरा वाजता जावेला फोन झाला आणि तो असा काही रंगला की मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. त्या आल्या, दाणकन बॅटरी जोडली. जिवंत! जेवण, पेंग, झोपाळू चूक. जिवंत. पावणेदोनला एक्केचाळिसावी चूक संपली. इंजिन आपलं छान गुरगुरतंय. मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, वही ओढली, पेनाचं टोपण काढलं.

मग मला काय झालं ते मलाच माहीत नाही. मी किंचाळले. आमच्या विभागाचे साहेब धावत आले तर त्यांचाच हात धरून मी त्यांना एक गिरकी दिली. इंजिनाला फुल रेस दिली, नुसता आवाज ऐकायला! आणि हाताला लागेल ते उचलून नाचायला लागले. हाताला लागला बॅटरीचा चिमटा. तो मी उपटला आणि इंजिनाच्या तालावर बॅटरीवर वाजवायला लागले, टक टक टक टक.

फट्.

इंजिन बंद. खोलीत जळका वास. मी चिमटा हातात धरून पुतळ्यासारखी उभी.

चालू इंजिनावरून बॅटरी उपटली की व्होल्टेजचा एकदम लोंढा येतो. तो झेलायला डब्यात वाटाण्याएवढा एक भाग असतो. आलेला सगळा लोंढा तो पिऊन टाकतो, म्हणून आम्ही त्याला 'बेवडा' म्हणतो. ही चूक यादीत होतीच, पण हळू चालणाऱ्या इंजिनावर आणि एकदाच. माझ्या बेवड्याला एक घोट आरामात झेपायचा. फुल रेसवर लागोपाठ दहा पाजले, तर तो बिचारा आडवा झाला.

"हे धरू नका," साहेब घाईघाईने म्हणाले. "एक्केचाळीस झाल्या होत्या. ही यादीत नाही. लिहा, मावशी, जिवंत."

मी मावशींकडे बघितलं. लिहा ना, मी मनात म्हणत होते. एकदा तरी लिहा.

मावशींनी पेनाला टोपण लावलं. "झोपाळू झाला, चिडका झाला, घाईवाला झाला, अतिशहाणाही झाला. एकतीस वर्षांत खुश माणूस कसा सुटला माझ्या हातून?"

"अहो, खुश होऊन कोण बॅटरी उपटतं?" माझा आवाज फाटला.

"तू उपटलीस की आत्ता." मग त्या जरा पुढे वाकल्या. "त्या नावेवर माणसं कधी खुश होतात, सांग बघू? बुडणारा हाती लागला, वर ओढला, श्वास घ्यायला लागला, की तेव्हाच ना? उड्या मारतील, एकमेकांच्या गळ्यात पडतील, कुणाचा तरी पाय बॅटरीवर पडेल. आणि त्याच क्षणी इंजिन बंद? भर पाण्यात?"

मी जळका डबा इंजिनावरून उतरवला आणि दुसरा उघडायला घेतला.

दोन वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या डब्यात मी एका बेवड्याच्या जागी दोन मोठे बसवले, शेजारी शेजारी, घोट वाटून घ्यायला. घाईत वितळलेलं सोल्डर दोनदा सांडलं. साहेब दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि मावशी दर पाच मिनिटांनी त्यांना चहा आणायला पाठवायच्या. सव्वातीनला डबा इंजिनावर चढला. एक्केचाळीस चुका कोपऱ्यात आधीच येऊन बसलेल्या मशीनकडून नऊ मिनिटांत उरकल्या. मशीनवर मावशींचा जीव नव्हता, पण त्या म्हणाल्या, आज उसनं घेऊ त्याला. मग मी फुल रेस दिली, चिमटा काढला आणि वाजवला. टक, टक, टक. इंजिन चालूच!

"झालं!" साहेब म्हणाले.

"काही झालं नाही," मावशी म्हणाल्या. "मोजून वाजवत होतीस. तोंड बघ आरशात, परीक्षेला बसल्यासारखं. असं खुश असतं का कोणी? खरं पाहिजे मला."

"अहो, पण आता खरी खुश कशी होऊ? जीव टांगणीला लागलाय माझा!"

पावणेचार. मावशींनी गळ्यातला चष्मा काढला आणि फडक्याने पुसत बसल्या. इंजिन फुल रेसवर गरजत होतं, त्यामुळे त्यांना ओरडूनच बोलावं लागलं.

"तुझा पहिला डबा जाळला ना मी, त्या दिवशी घरी जाऊन मुलाला म्हटलं, आज एक पोरगी माझ्याशी तासभर भांडली आणि एक शब्द चुकीचा बोलली नाही. डबा छान होता रे तिचा. पोरगी तर फारच छान आहे."

मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसले.

"आणि म्हटलं, उद्या मी चष्मा विसरणार आहे. तू घेऊन ये. आणायला मी तिलाच पाठवते."

"अहो आई!"

"एकतीस वर्षांत तेवढी एकच चूक मी ठरवून केली गं. बाकी सगळ्या मनापासून."

पुढचं मला नीट आठवत नाही, साहेबांनी सांगितलं म्हणून कळलं. मी म्हणे खुर्चीवरून उडी मारली, आईंना वही-पेनासकट उचललं, मग चिमटा उपटला, बॅटरीवर, स्टँडवर, साहेबांच्या चहाच्या ट्रेवर दणादण वाजवला आणि रडत रडत मोठ्याने हसले. एक वायर तर पायात अडकून ओढली गेली. आणि इंजिन चालूच होतं! बेवडे पीत होते आणि इंजिन गरजत होतं.

चारला तीन मिनिटं कमी असताना आईंनी लिहिलं, 'जिवंत.' पान उलटून मागच्या यादीत भर घातली, 'बेचाळीस. खुश माणसाची.' आणि मशीनच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हे कसं करशील रे बाबा?"

इंजिन बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी साहेबांनीच केलं.

पाच वाजता आम्ही दोघी निघालो. गेटपाशी, जिथे त्यांचा मुलगा चष्मा धरून उभा होता ना, नेमक्या तिथे आई थबकल्या आणि गळा चाचपायला लागल्या.

"अगं बाई, माझा चष्मा?"

"आता कुणाचं लग्न लावायचंय?" मी विचारलं.

"नाही गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "या खेपेला खरंच विसरले."