कच्च्या टाक्याचं छप्पर

मास्तरांनी उभ्या हयातीत एकही कपडा ठरलेल्या दिवशी शिवून दिला नव्हता. "मंगळवारी नक्की" हे ते ज्या खात्रीने सांगत, त्या खात्रीने लोक सूर्योदयाबद्दलही बोलत नाहीत. तरी गिऱ्हाइकं टिकून होती. मास्तरांचा कपडा अंगावर असा बसे, की आपण मुळातच बऱ्या बांध्याचे आहोत असं कुणालाही वाटावं.

दुकान बंद करून घरी बसल्यावर त्यांना एकच गिऱ्हाईक उरलं, ते म्हणजे बायको. आणि तिला कपडा नको होता. कोंबड्यांसाठी जाळीचं अंगण हवं होतं.

याला कारण शेजारच्या भिंतीवरचा बोका. त्याने दिवसाढवळ्या दोघींचा निकाल लावला होता. उरलेल्या तिघींवर बाईंचा पोटच्या पोरींसारखा जीव.

"रविवारपर्यंत वरूनखालून बंद अशी जागा झाली तर ठीक," बाई म्हणाल्या. "नाहीतर अक्का येऊन तिघींना घेऊन जाईल. शब्द दिलाय मी तिला."

"रविवारी नक्की."

"तुमचं नक्की मला माहीत आहे."

मास्तर कामाला लागले ते शिंप्यासारखेच. आधी टेप काढून कोंबड्यांची मापं घेतली. ठिपकी वळवळली तेव्हा सवयीने म्हणाले, "श्वास रोखू नका." मग जुन्या वर्तमानपत्रावर अंगणाचा नमुना आखून कापला. जाळी कापताना शिवणीसाठी बोटभर जास्तीची सोडली, कडा दुमडल्या आणि बारीक तारेने अशा शिवल्या, की एखाद्या नवरदेवाने अंगावर चढवाव्यात. दार कोंबडीच्या मापाचं ठेवलं.

"अहो, आत कसे शिरणार तुम्ही?"

"आत त्या राहणार आहेत. मी नाही."

रविवार उजाडला तेव्हा चारी बाजू पक्क्या होत्या, छप्पर मात्र कच्च्या टाक्यांवर. वरची जाळी चार ठिकाणी सुतळीने अडकवलेली, आणि तिच्यावर बसायचा पत्रा भिंतीला टेकून उभा.

"छप्पर आधी करायचं होतं ना!"

"छप्पर म्हणजे कॉलर. कॉलर शेवटी असते. आणि ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणालाही पक्का टाका घातलेला नाही." मास्तरांनी तिघींना ट्रायलसाठी आत सोडलं.

तेवढ्यात अक्का, बाईंची मोठी बहीण, आल्या. हातात झाकणाची मोठी टोपली.

"काय भावजी, झालं का?"

"झाल्यातच जमा आहे."

"म्हणजे नाही झालं," अक्कांनी भाषांतर केलं. शब्द म्हणजे शब्द. बाईंनी पदर खोचला, टोपली घेतली आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करत दाराशी बसल्या.

बोक्याला या कौटुंबिक प्रश्नाशी कर्तव्य नव्हतं. त्याने भिंतीवरून थेट छपरावर उडी टाकली. एक सुतळी तुटली, कोपरा उघडला, आणि तो अलगद आत, तिघींच्या मधोमध.

"मेल्या!" बाई किंचाळल्या. मास्तर वाचवायला धावले आणि दारात खांद्यापर्यंत अडकले. दार मापात होतं, मास्तर नव्हते.

पण आत वेगळंच चाललं होतं. मोकळ्या परसात जन्मभर पळालेल्या कोंबड्यांना इथे पळायला जागाच नव्हती. तेव्हा थोरलीने पंख पसरले आणि बोक्याच्या नाकावर चोच मारली. मग पाठीवर. मग ठिपकीला आणि धाकटीलाही हुरूप आला. बोक्याने चारी बाजूंची जाळी नखांनी तपासली, पण मास्तरांची शिवण कशाला उसवतेय! शेवटी बाईंनी नवऱ्याला पायांना धरून मागे ओढलं. मोकळ्या झालेल्या दारातून बोका सुटला, तो अक्कांच्या पायांवरून भिंतीपार.

बाईंनी तिघींना चाचपून पाहिलं. दोन पिसं कमी, बाकी सगळं शाबूत.

"आता तरी दे बाई," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "बघितलंस ना यांचं छप्पर!"

"छप्पर बघितलं, तशी बाकीची शिवणही बघितली. तुझ्याकडे आहे का जाळी?"

"नाही. पण बोकाही नाही."

"येईल की. बोक्यांना कुठे बोलवावं लागतं?" बाई नवऱ्याकडे वळल्या. "उठा. रविवार अजून संपला नाहीये. पक्का टाका घाला. आत्ता, माझ्यासमोर."

मास्तरांनी खांदा चोळला, मंगळवार म्हणायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि तार उचलली. त्यांच्या कारकिर्दीतलं हे पहिलंच काम, जे सांगितल्या दिवशी पुरं झालं. बाई प्रत्येक टाका ओढून पाहत होत्या. अक्का कुरकुरत पत्रा धरून उभ्या होत्या, आणि थोरली बाहेर येऊन त्यांच्या रिकाम्या टोपलीच्या झाकणावर ऐसपैस बसली होती.